उरलेले तास

कॅरममध्ये स्ट्रायकर बोर्डाबाहेर गेला तर फाउल धरतात. पण तो उडून समोरच्याच्या चहात पडला तर काय धरायचं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. वल्लरी ओकने हा पेच जगासमोर आणला तो डोंबिवलीतल्या आपल्या कॉलेजच्या जिमखान्यात, डिसेंबरातल्या एका दुपारी, ऐन फायनलमध्ये.

राणी तिने घेतलेली होती. आता फक्त कव्हर... म्हणजे राणीपाठोपाठ लगेच आपली एक सोंगटी घालायची, नाहीतर राणी परत बोर्डावर. सोंगटी पॉकेटच्या अगदी तोंडाशी होती. फुंकर मारली असती तरी गेली असती. पण वल्लरीला कुठलीही गोष्ट हळू करता येत नाही. तिने जीव खाऊन स्ट्रायकर मारला. सोंगटी जागची हलली नाही. स्ट्रायकर मात्र कडेवर आपटला, उडाला आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका उंच, सावळ्या मुलाच्या कटिंगमध्ये – डुबुक!

मुलाने शांतपणे ग्लासात डोकावून पाहिलं.

"चहा कव्हर झाला," तो म्हणाला. "राणीचं काय?"

सगळा जिमखाना खो खो हसला. वल्लरीचे कान लाल झाले. राणी परत बोर्डावर आली, फायनल गेली आणि वर हा प्राणी स्ट्रायकर आपल्या शर्टाला पुसून तिच्यासमोर धरून उभा.

"सॉरी," ती कशीबशी म्हणाली. "दुसरा चहा देते."

"नको. ह्याच्यात पावडर पडली ना, गोड लागतोय आता." आणि त्याने खरोखर एक घोट घेतला! वल्लरी बघतच राहिली.

तेवढ्यात दारात हेमा मॅडम उभ्या राहिल्या. कॉलेजचं एनएसएस त्या बघायच्या. एनएसएसचा मामला साधा होता. वर्षाला एकशेवीस तास समाजसेवा करायची, डायरीत सह्या घ्यायच्या आणि निकालाच्या वेळी दहा मार्कांची मदत मिळवायची. वल्लरी त्या दहा मार्कांसाठीच आलेली, हे ती कोणापासून लपवत नव्हती.

"ओक, तुझे दहा तास कमी आहेत. आणि भोईर, तू इथे चहा पीत उभा? बरं झालं, दोघं एकदमच सापडलात. 'सायंप्रभा' ज्येष्ठ नागरिक मंडळ, भागशाळा मैदानाजवळ. आजी-आजोबांना मोबाईल शिकवायचा. पाच जानेवारीपासून आठ रविवार, दहा ते बारा."

"मॅडम, आठ? पण माझे तर दहाच तास –"

"मग पाच रविवार जा, सही घे आणि सूट." मॅडम निघून गेल्या.

भोईर तिच्याकडे बघून हसला. "जितेश. टिटवाळ्याच्या पुढे गाव आहे आमचं. मॉर्निंग कॉमर्स."

"वल्लरी. दुपारचं सायन्स." तिने स्ट्रायकर डब्यात टाकला. "आणि मी फक्त तासांसाठी येणारे हं. आधीच सांगते."

"मी पण," तो म्हणाला. "समाजसेवेची हौस कोणाला!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

'सायंप्रभा'त पहिल्याच रविवारी दोघांच्या लक्षात आलं की आपण क्लासला नाही, विधानसभेत आलोय. मंडळाचे सेक्रेटरी बाळकाका. आयुष्य सरकारी ऑफिसात गेलेलं, त्यामुळे कट्ट्यावर कोणी शिंकलं तरी ते इतिवृत्तात लिहायचं, हा त्यांचा बाणा. प्रश्न विचारायचा तर हात वर करायचा. बोलायचं तर उभं राहायचं. आणि समोर निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही.

"बाळांनो," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे जे होतं ते या वहीत येतं. आणि समारोपाच्या सभेत सगळं वाचून कायम केलं जातं. चाळीस वर्षांची पद्धत आहे."

"सगळं?" जितेशने विचारलं.

"सगळं," म्हणत त्यांनी 'स्वयंसेवक भोईर यांनी शंका विचारली' असं लिहूनही टाकलं.

पहिला धडा पासवर्डचा होता. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, असं वल्लरीने घसा फोडून सांगितलं. तर बाळकाकांनी सगळ्यांचे पासवर्ड फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले, म्हणजे कोणी विसरायला नको. सरोजताई, निवृत्त शाळामास्तरीण, आपला फोन हातभर लांब धरून त्याच्याशी ओरडून बोलत होत्या. जितेशने तो उलटा धरलाय हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचं? दहा मिनिटं मी त्याच्या पाठीशी बोलतेय!"

जितेश गडबडला की त्याची घरची बोली मध्येच डोकं वर काढायची. "मना वाटतं... म्हणजे मला वाटतं, ते हिरवं बटण दाबा." वल्लरी ओठ दाबून हसली. त्याने ते पाहिलं.

"हस ना. तू जेव्हा घाबरतेस तेव्हा काय करतेस, मी पण बघून ठेवलंय."

"काय करते?"

"जोरात मारतेस," तो म्हणाला.

क्लासनंतर कॅरम. तिथे मात्र गुरू-शिष्यांची अदलाबदल व्हायची. सरोजताई चष्मा वर सरकवून, एका बोटाने, दोघांना अशा काही धुवायच्या की सांगता सोय नाही. वल्लरीचं कव्हर पुन्हा पुन्हा हुकायचं.

"अगं ए, कव्हर असं मारत नाहीत," सरोजताई सांगायच्या. "राणी घेताना काय तो जोर दाखवायचा. कव्हरला नुसतं हळूच पुढे ढकलायचं. घाई कसली? कुठे पळून जाणारे सोंगटी?"

रविवारांमागून रविवार गेले. कधी आणि कसं ते विचारू नका, वल्लरीला स्वतःलाही कळलं नाही, पण ती शनिवारी ड्रेसला इस्त्री करायला लागली. समाजसेवेला! आईने भुवई उंचावली. मग जितेशने एकदा घरच्या शेतातले कडवे वाल आणून दिले, किलोभर, कापडी पिशवीत. आई तर डाळिंब्यांच्या उसळीसाठी जीव टाकणारी. वाल भिजवले, मोड आणले आणि मायलेकी सोलायला बसल्या.

"वाल झकास आहेत. कोणी दिले?"

"कट्ट्यावर मिळाले."

"कट्ट्यावर आता वाल मिळतात?" आईने एक दाणा सोलला. "आणि ते सोलताना हसू का येतं गं तुला?"

"मी कुठे हसले?"

"बरं," आई म्हणाली, आणि तो विषय तिने मनात जपून ठेवून दिला.

चौथ्या रविवारी व्हॉट्सॲपचा 'लास्ट सीन' शिकवायचा होता. आपण शेवटचे कधी ऑनलाइन होतो ते समोरच्याला दिसतं, असं जितेशने समजावलं. सरोजताईंचं प्रॅक्टिकल घरी दोन दिवस आधीच सुरू झालेलं. हात वर केला, उभ्या राहिल्या.

"एक शंका. ह्याचं काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. हिचंही तीन दहा. परवा दोघांचं पाच चाळीस. हे असं कसं?"

वल्लरीने खडू उचलून फळ्यावर उगाचच एक रेघ मारली.

"नेटवर्क, आजी," जितेश म्हणाला. "डोंबिवली-टिटवाळा एकच लाइन ना."

"असेल बाई," म्हणत सरोजताई बसल्या. त्यांनी मुलांच्या पिढ्या हाताळलेल्या, त्यांना काय शिकवणार हे?

खरं सांगायचं तर त्या दोघांचं मेसेजवरचं बोलणं म्हणजे तरी काय! "उद्या क्यूआर कोड शिकवू?" "ओके." "खडू संपलाय." "आणतो." एवढंच. पण त्या "आणतो"कडे वल्लरी पाच-पाच मिनिटं बघत बसायची.

पाचवा रविवार आला, दोन फेब्रुवारी. वल्लरीचे दहा तास भरले. आता सही घ्यायची आणि सुटायचं. पुढचे तीन रविवार जितेश एकटा शिकवणार. कॉलेजात तो सकाळी असायचा आणि ती दुपारी. जिमखान्यातली ती भेटसुद्धा त्याचं कुठलंतरी लेक्चर लांबलं म्हणून झालेली. म्हणजे रविवार सुटला की जितेश सुटला, हा हिशोब अगदी सरळ होता.

वर्ग संपल्यावर ती बाळकाकांच्या टेबलाशी रेंगाळली. त्यांनी डायरीवर सही केली, शिक्का मारला.

"अभिनंदन! तास पूर्ण झाले तुझे."

"काका..." तिने दाराकडे पाहिलं. जितेश बाहेर खुर्च्या रचत होता. "ते ह्याला... म्हणजे भोईरला... सांगू नका ना. मी येणारे अजून. जुन्या शिबिराचे सहा तास बाद झाले असं सांगीन मी त्याला. त्याला वाटू दे की माझे तास उरलेत."

"का गं?"

"असंच. प्लीज! मी फक्त तासांसाठी येते असं मीच बोललेय त्याला. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

बाळकाकांनी तिच्याकडे चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं. मग छातीवर हात ठेवला. "शब्द देतो. कोणालाही सांगणार नाही." आणि सवयीने पेनाचं टोपण काढलं. वल्लरी हुश्श करून निघाली. टोपणाकडे तिचं लक्षच गेलं नाही, आणि हीच तिची चूक.

सहाव्या रविवारी वर्ग संपल्यावर जितेश खुर्च्या पुसता पुसता म्हणाला, "अजून दोन. मग सुटलो."

वल्लरीला हे फार लागलं. सुटलो? म्हणजे हा मोजतोय! हिने खोटं बोलून तीन रविवार चोरलेले, आणि हा रविवार संपायची वाट बघतोय. "हो ना," ती मोठ्याने म्हणाली. "मला पण कंटाळा आलाय. आठ तास उरलेत अजून, काय करणार."

"आठ?" तो थांबला. "मग आठवा रविवार झाल्यावर पण चार तास उरतील तुझे."

वल्लरीने जीभ चावली. "चार. चार म्हणाले मी."

"आठ म्हणालीस."

"तू मोजत बसलायस का?"

"नाय... नाही," तो म्हणाला, आणि एकच खुर्ची तिसऱ्यांदा पुसायला लागला.

सातव्या रविवारी तिने ठरवलंच होतं. आज बोलायचं. स्टेशनपर्यंत चालत जाताना, रस्त्यावर. उसाच्या रसाच्या गाडीपाशी तो थांबला. दोन ग्लास घेतले, आल्याचे, बिनबर्फाचे. तिला बर्फ चालत नाही हे त्याला कधी कळलं देव जाणे. तिने ग्लास हातात घेतला, श्वास घेतला.

"जितेश, पुढच्या रविवारनंतर..."

"हं?" तो एकदम तिच्याकडे वळला. इतक्या जवळून त्याचे डोळे तिने पाहिले नव्हते. पापण्या मुलींसारख्या लांब होत्या, मेल्याच्या.

"...रविवारनंतर तू झोपा काढशील ना मस्त? उशिरापर्यंत?"

त्याने ग्लास रिकामा करून गाडीवर ठेवला. "हो," म्हणाला. "झोपा काढीन."

वल्लरीला स्वतःला उसाच्या चरकात घालावंसं वाटलं. तो स्टेशनाकडे निघून गेला आणि ती फूटपाथवर ग्लास घेऊनच उभी राहिली. रसवाल्याने ग्लास परत मागितला तेव्हा कुठे ती भानावर आली. आता एकच रविवार उरला होता. त्यात बोलली तर बोलली, नाहीतर हा मुलगा टिटवाळ्यापलीकडे झोपा काढत राहणार आणि ही इकडे आयुष्यभर वाल सोलत बसणार.

तेवीस फेब्रुवारी, समारोप. हेमा मॅडम पाहुण्या. टेबलावर नारळ, गुलाबाची दोन फुलं, वेफर्स आणि ती निळी वही. आजी-आजोबा नटूनथटून आलेले. सगळ्यांनी पाहुण्यांना एकेक गुड मॉर्निंगचा फोटो पाठवून आपली प्रगती सिद्ध केली. मॅडमचा फोन पाच मिनिटं थरथरत होता.

बाळकाका उठले, घसा साफ केला. "आता इतिवृत्तवाचन. पाच जानेवारी. वर्ग सुरू. भोईर यांनी शंका विचारली. बारा जानेवारी. विषय: फोटो काढणे. सरोजताईंनी चुकून स्वतःच्या नाकाचे चौदा फोटो काढले. वर्गानंतर स्वयंसेवक जितेश भोईर यांचे एकशेवीस तास पूर्ण झाल्याची सही करण्यात आली –"

वल्लरीने मान झटकन वर केली. बारा जानेवारी? दुसराच रविवार?

" – त्यांनी विनंती केली की, ही गोष्ट कु. ओक यांस कळू देऊ नये. कारण विचारता, 'ती येते तोवर मला यायचं आहे' असे उत्तर मिळाले. सेक्रेटरींनी गुप्ततेचा शब्द दिला."

हॉलमध्ये "अय्या!" असा एक सामुदायिक आवाज उठला. जितेश ताडकन उभा राहिला. "काका! तुम्ही शब्द दिलेला!"

"मी कोणालाही सांगितलं नाही," बाळकाका शांतपणे म्हणाले. "मी वाचतोय."

ती येते तोवर! म्हणजे सहा रविवार हा गडी टिटवाळ्याच्या पुढून पहाटे उठून, तास भरलेले असताना, निव्वळ... आनंदाने तिला ओरडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बारा जानेवारीनंतर एकोणीस येणार, मग सव्वीस, आणि मग दोन फेब्रुवारी!

तिने हात वर केला, उभी राहिली. "काका, पुढचं... पुढचं इतिवृत्त वाचलं असं समजूया का? वेळ वाचेल."

"तशी तरतूद आहे," बाळकाका विचार करत म्हणाले. "सभेची हरकत नसेल तर –"

"हरकत आहे!" सरोजताईंचा हात छताला लागला होता. "मला पुढचं ऐकायचंय. प्रत्येक शब्द."

"हरकत नोंदवली." बाळकाकांनी पान उलटलं. एकोणीस गेली, लास्ट सीनच्या शंकेसकट सव्वीस गेली. वल्लरीने ओढणीत तोंड लपवलं. "दोन फेब्रुवारी. कु. ओक यांचे तास पूर्ण. त्यांनी विनंती केली की, ही गोष्ट भोईर यांस कळू देऊ नये. सेक्रेटरींनी पुन्हा शब्द दिला. सेक्रेटरींना यावेळी हसू आवरणे कठीण गेले."

हेमा मॅडम वेफर तोंडाशी धरून तशाच थांबल्या होत्या. "म्हणजे... तुम्हा दोघांचेही तास संपलेले? आणि तरी दोघं येत होतात? एकमेकांना उल्लू बनवत?"

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे दोन मांजरं एकाच वाटीत तोंड घालून बसलेली, आणि अख्खा कट्टा बघत होता.

"पण तू तर म्हणालास, सुटलो!" वल्लरी ओढणीतून बाहेर आली, रागानेच. "मला किती वाईट वाटलं माहितीये?"

"तू म्हणालीस ना पहिल्या दिवशी, फक्त तासांसाठी! मग मी काय बोलणार? तुला वाटलं असतं, हा पाठी लागलाय."

"आणि झोपा काढीन म्हणालास!"

"तू विचारलंस म्हणून! मना काय माहीत तू दुसरं काही विचारणार होतीस!"

"भोईर," बाळकाका म्हणाले, "बोलायचं तर सभेला उद्देशून बोला."

जितेश वळला. समोर चाळीस चष्मे. त्याने शर्ट खाली ओढला, कानामागे खाजवलं, आणि मग सभा, अध्यक्ष, पाहुणे सगळं विसरून परत वल्लरीकडेच वळला.

"मना तू आवडतेस," तो म्हणाला. "चहात स्ट्रायकर पडला तेव्हापासून. झालं. बोललो."

आणि धपकन खुर्चीत बसला. ती त्यानेच तीनदा पुसलेली खुर्ची होती.

सगळ्या नजरा वल्लरीवर. बोलायचं होतं खूप. शनिवारच्या इस्त्रीचं, वालांचं, त्या "आणतो"चं. सगळं एकदम, जोरात फेकावं असं नेहमीसारखं झालं. तेवढ्यात तिला सरोजताई दिसल्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त एक बोट टेबलावर ठेवून त्यांनी ते हळूच, अगदी इंचभर, पुढे सरकवलं.

वल्लरीने श्वास सोडला.

"मलापण," ती हळूच म्हणाली.

"ऐकू आलं नाही!" मागच्या रांगेतून एक आजोबा ओरडले.

"मोठ्याने बोल," बाळकाका पेन सरसावून म्हणाले. "इतिवृत्तात यायला हवं."

"मलापण आवडतो तो! लिहा!" आता मात्र वल्लरी खरोखर ओरडली, आणि हॉलमध्ये टाळ्यांचा असा गजर झाला की मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून खिडकीशी आली.

"अनुमोदन!" सरोजताई डोळे पुसत म्हणाल्या. हेमा मॅडमनी गुलाबाची दोन्ही फुलं उचलली. ती खरं तर त्यांच्या सत्काराची होती, पण एक त्यांनी इकडे दिलं, एक तिकडे. बाळकाकांनी तळाशी सही केली, शिक्का मारला आणि फुंकर घालून शाई वाळवली.

बारा वाजून गेले. दोघं बाहेर पडले तेव्हा मैदानावर ऊन पसरलं होतं. दोघांच्या हातात एकेक फूल, आणि त्या हातांचं काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. काही पावलं तशीच गेली.

"घरी उसळ कशी झालेली?" जितेशने विचारलं.

"मस्त. आई विचारत होती, वाल कोणी दिले."

"मग काय सांगितलंस?"

"आज सांगीन," वल्लरी म्हणाली.

तो हसला. मग गेटपाशी थांबला, पायाने एक खडा उडवला, आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "पुढच्या रविवारी येशील?"

"कशाला? तास तर संपलेत ना आपले."

"म्हणून तर विचारतोय."

वल्लरीने त्याच्या हातातलं फूल काढून आपल्या हातात घेतलं. म्हणजे त्याचा एक हात मोकळा झाला. मग तिने तो धरला, हळूच.

"दहा वाजता," ती म्हणाली. "उशीर करू नकोस."